फिरत्या कॅमेऱ्याची गस्त

परवा पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅमेरे लावायचं चाललंय. "भाऊजी, सहा कॅमेऱ्यांऐवजी मोटरवाला एकच बसवतोय. आपोआप गस्त घालतो म्हणे. तुमचंच काम ना ते? सांगा, कोणता घेऊ?"

मी म्हटलं, "कोणताच घेऊ नकोस." बिचारा खट्टू झाला. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मंडळी, इंग्लंडमध्ये हेच कॅमेरे बसवून माझं घर चालतं. पीटीझेड म्हणतात त्यांना. पॅन, टिल्ट, झूम. गस्त लावणं अगदी सोपं. कॅमेरा हव्या त्या जागी वळवायचा, झूम जुळवायचा आणि ती जागा प्रीसेट १ म्हणून साठवायची. मग २, ३, ४... प्रत्येक ठिकाणी किती सेकंद थांबायचं तो आकडा भरायचा आणि टूर चालू करायची. झालं! स्क्रीनवरचं चित्र आपोआप फिरू लागलं की गिऱ्हाईक खूष.

आता जरा गणित करू. आठ प्रीसेट, प्रत्येकी १५ सेकंद, एकावरून दुसऱ्यावर जायला आणि फोकस व्हायला ३ सेकंद. एक फेरी १४४ सेकंदांची. त्यात तुमच्या गाडीकडे १५ सेकंद लक्ष आणि १२९ सेकंद पाठ. दिवसाच्या २४ तासांपैकी अडीच तास पहारा, साडेएकवीस तास देवाचा भरवसा! असा वॉचमन कोणी पगार देऊन ठेवेल का?

हे मला आधी कळायला हवं होतं. कळलं २०२१ साली. इथल्या एका इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये मी असाच कॅमेरा लावून दिला होता. तेव्हा ब्रिटनमध्ये गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरायची साथच आली होती. सायलेन्सरच्या नळीवरच्या त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि त्या वर्षी ऱ्होडियमचा भाव गगनाला भिडला होता. चोर गाडीखाली जॅक लावतात, करवतीने नळी कापतात आणि पसार होतात. सगळा खेळ एक-दोन मिनिटांचा.

रात्रपाळी संपवून एक नर्स गाडीपाशी आली, किल्ली फिरवली आणि गाडीने ट्रॅक्टरसारखा आवाज काढला. डबा गेला होता. आम्ही रेकॉर्डिंग काढलं. सगळ्या फेऱ्यांत गाडी जागच्या जागी, आजूबाजूला कोणी नाही. चोर आले, काम उरकलं आणि गेले, तेव्हा कॅमेरा इतर सात जागा बघून येत होता. त्यातली एक सायकलींचा रिकामा स्टँड. तो प्रीसेट मीच भरला होता. बाईंनी मला एवढंच विचारलं, "मग हा बघत कुठे होता?" मला उत्तर देता आलं नाही.

विक्रेते म्हणतात, हलता कॅमेरा बघून चोर घाबरतो. लहानपणी आमच्या कॉलनीत रात्री गुरखा यायचा. काठी आपटत, शिट्टी वाजवत. आम्हाला वाटायचं, काय पहारा आहे! चोराला मात्र काठीच्या आवाजावरून कळायचं की गुरखा आता मागच्या गल्लीत गेलाय. ठरलेल्या तालावर फिरणारा कॅमेरा तेच करतो, फक्त आवाज न करता.

मोशन डिटेक्शन आहे ना? कॅमेराच वळत असला की सगळं चित्रच हलतं, तेव्हा त्याचा उपयोग नाही. थांबल्यावर चालेल, पण त्या १५ सेकंदांपुरतं आणि त्याच कोपऱ्यापुरतं. ऑटो ट्रॅकिंग? एका माणसाच्या मागे कॅमेरा गेला की त्याच्या जोडीदाराला रान मोकळं. आणि ६०० फेऱ्या म्हणजे दिवसाला ४,८०० हालचाली. पट्टे, गिअर झिजतात, प्रीसेट हळूहळू सरकतात, आणि एक दिवस कॅमेरा गाडीऐवजी भिंत बघू लागतो.

गस्त सगळीकडेच वाईट, असं नाही. कॅलिफोर्नियात वणव्यांवर नजर ठेवायला डोंगरमाथ्यांवर असे फिरते कॅमेरे आहेत. तिथे ते शोभतात. धूर दोन मिनिटांत पळून जात नाही, पुढच्या फेरीत तो दिसतोच. घडणारी गोष्ट फेरीपेक्षा सावकाश असेल तरच गस्त कामाची. चोरी तशी नसते.

मग एवढं विकलं का जातं? कारण "एकात सहा" हे कोटेशनमध्ये छान दिसतं. विकणाऱ्याचं काम होतं, सही करणाऱ्याचे पैसे वाचतात. ज्याची गाडी जाते त्याला कोणी विचारतच नाही.

तेव्हा मेव्हणेबुवा, फाटकावर एक स्थिर कॅमेरा लावा, ज्यात येणाऱ्याचा चेहरा आणि गाडीचा नंबर ओळखू येईल. पार्किंगच्या प्रत्येक रांगेवर एकेक स्थिर. पैसे उरले तर मोटरवाला घ्या, पण तो फाटकाकडे तोंड करून उभा राहू दे. वॉचमनने जॉयस्टिक हातात घेतली किंवा अलार्म वाजला तरच वळू दे. आणि विक्रेत्याला एकच विचारा : तुमची फेरी किती सेकंदांची?

काल त्याचा पुन्हा फोन आला होता. म्हणाला, "सेक्रेटरी ऐकत नाहीत हो भाऊजी. डेमो फार छान झाला म्हणतात."

डेमो मीही छानच दिला होता.