मर्यादा सैल नको, तपासणी आपल्या बाजार समितीत आणा



एमआरएल हा शब्द निघाला की आपल्यात दोन बोलणी ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, "हे युरोपवाल्यांचं माल पाडायचं निमित्त आहे." शहरातला माणूस म्हणतो, "शेतकरी विष खाऊ घालतोय." मी तीस वर्षं द्राक्ष आणि भाजीपाला करतोय, मला दोन्ही पटत नाही. हा आकडा ठरतो कसा, हेच बहुतेकांना माहीत नाही. म्हणून आधी तेवढं सांगतो, मग माझं मत.

एमआरएल म्हणजे पिकात जास्तीत जास्त किती अंश राहिला तर चालेल ती मर्यादा. मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे पीपीएममध्ये मोजतात. ती ठरवायला औषध ठराविक पिकावर, लेबलवर लिहिलेल्या डोसनं, वेगवेगळ्या ठिकाणी आणि हंगामात मारून बघतात. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यातलं अंतर. ते पाळून तोडलेल्या मालात अंश किती उरला, ते मोजतात. आकडा मुळात तिथून येतो.

दुसऱ्या बाजूनं आरोग्याचा हिशेब होतो. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काही अपाय दिसत नाही, त्या मात्रेला साधारण शंभरनं भागतात. माणसानं आयुष्यभर रोज खाल्ली तरी चालेल अशी मात्रा त्यातून निघते. मग लोक ते पीक रोज किती खातात ते बघून, सगळा अंश मिळून त्या मात्रेच्या आत बसतो का, हे तपासतात. बसला तरच मर्यादा मंजूर. आपल्याकडे औषधाची नोंदणी फरिदाबादची केंद्रीय नोंदणी समिती करते, ती कृषी खात्याकडं. खाण्यातली मर्यादा एफएसएसएआय ठरवतं, ते आरोग्य खात्याकडं. एकच बाटली, पण खाती दोन.

आता यातला मुद्दा बघा. मर्यादा ओलांडली म्हणजे तो घड खाणारा लगेच आजारी पडेल असं नाही. त्याचा पहिला अर्थ असा, की लेबलप्रमाणे फवारणी झालेली नाही. डोस जास्त, अंतर कमी, नाहीतर त्या पिकाचं औषधच नाही. म्हणजे एमआरएल ही आधी आपल्या फवारणीची परीक्षा आहे. हे कळलं की युरोपवर राग येत नाही, आणि शहरवाल्याच्या विषाच्या बोलण्यानं घाबरायलाही होत नाही.

खरी अडचण तिसऱ्या कारणात आहे. ज्या पिकावर त्या औषधाची मर्यादा ठरलेलीच नाही, तिथं ०.०१ धरतात. युरोपात हाच नियम, आपल्याकडंही हाच. ०.०१ पीपीएम म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम. थोडक्यात, औषध सापडताच कामा नये.

द्राक्ष, कापूस, भात, टोमॅटो यांच्यासाठी लेबल क्लेम असलेली औषधं भरपूर आहेत. कारण ज्या पिकात औषधाचा खप मोठा, तिथं कंपनी चाचण्यांचा खर्च करते. कारली, दोडका, मेथी, कोथिंबीर, शेपू यांना कोण विचारतो? कोथिंबिरीवर मावा आला तर शेतकरी दुकानात जातो. दुकानदार मिरचीचं नाहीतर कपाशीचं औषध हातात देतो. मावा मरतो. पण कायद्यानं त्या कोथिंबिरीची मर्यादा ०.०१, आणि ती पाळणं अवघड. या शेतकऱ्याला बेफिकीर कसं म्हणायचं? त्याला कायदेशीर औषधच ठेवलेलं नाही.

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी. पण कपाशीसाठी नोंदणी राहिली, म्हणून बाटली दुकानात राहिली. काउंटरवर कुणी विचारत नव्हतं, कपाशीला नेतोय की वांग्याला.

भेंडीची गोष्ट तर अजून वेगळी. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, दोन दिवस थांबलं की जून होते. लेबलवर पाच-सात दिवसांचा पीएचआय असेल, तर मधल्या दोन-तीन तोड्यांचं काय करायचं? फेकून द्यायच्या? ज्यांनी अंतर ठरवलं त्यांनी पीक कसं निघतं हे बघायला नको का? सारख्या तोडणीच्या पिकांना एक-दोन दिवसांचाच पीएचआय असलेली औषधं हवीत. कृषी विद्यापीठाच्या मंडळींनी हे मनावर घ्यावं, ही हात जोडून विनंती.

आता अंमलबजावणी. निर्यातीच्या द्राक्षाला २००६ पासून ग्रेपनेट आहे. प्लॉटची नोंदणी, फवारणीची नोंदवही, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, म्हणजे आपलं ॲनेक्शर ५. काढणीआधी लॅबची माणसं बागेत येऊन नमुना घेतात, रिपोर्ट पास झाला तरच माल पॅकहाउसला जातो. पेटी युरोपात पोचली तरी ती कुठल्या प्लॉटची हे सांगता येतं.

ही पद्धत असूनही २०१० मध्ये दणका बसला. वेलीची वाढ आवरायला आपण सीसीसी वापरायचो, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपात तपासलं, तिथली मर्यादा ०.०५, माल त्याच्या वर निघाला. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघंही पोळले. पण पुढं काय झालं? सीसीसी तपासणीत आलं, बागायतदारांनी पद्धत बदलली आणि नाशिकचं द्राक्ष आजही युरोपात जातंय. तपासणीनं आपलं वाटोळं झालं नाही, शिस्त लागली.

आता त्याच शिवारातून बाजार समितीत जाणारी गाडी बघा. वांगी, भेंडी, कोथिंबीर, कारली. त्या गाडीतल्या मालाची नोंदवही नाही, नमुना नाही, रिपोर्ट नाही. वजन होतं, बोली लागते, माल निघाला.

कायद्यात यातली एक गंमत आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याप्रमाणं शेतमाल शेतकऱ्याच्या हातात आहे तोवर तो कायद्याचं 'अन्न' होत नाही. व्यापाऱ्याच्या हातात गेला की होतो. ही सवलत आपल्या भल्यासाठीच आहे, ती काढू नये. पण त्याचा परिणाम बघा. व्यापाऱ्याकडं माल गेला तेव्हा दहा शेतकऱ्यांच्या जुड्या एकत्र झालेल्या असतात. तिथं नमुना घेतला आणि फेल गेला, तरी ती जुडी कुणाच्या वावरातली हे कळायचं कसं? केंद्राची देखरेख योजना २००५-०६ पासून चालू आहे, बाजारातून नमुने घेतात, अहवाल निघतात. पण त्यातला निकाल उलटा फिरून माझ्या बांधावर येत नाही. ज्यानं चांगली फवारणी केली त्यालाही कळत नाही, चुकीची केली त्यालाही नाही. भाव दोघांना एकच.

थोडक्यात, परदेशातल्या गिऱ्हाइकाला तपासलेलं द्राक्ष, आणि आपल्या गावच्या आश्रमशाळेतल्या पोरांच्या ताटात न तपासलेली भाजी. याला मी न्याय म्हणत नाही. आंतरप्रवाही औषध घरात भाजी धुवून जात नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

अडचण आली की सरकारला मर्यादा सैल करण्याचा मोह होतो. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयनं मसाल्याच्या पिकांसाठी आणि मसाल्याच्या पाल्यासाठी, भारतात नोंदणी नसलेल्या औषधांची मर्यादा ०.०१ वरून ०.१ केली. म्हणजे दहापट. त्याच महिन्यात हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्याकडच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडवरून कारवाई केली. तो वायू शेतात कुणी फवारत नाही, जंतू मारायला नंतर वापरतात. पण नाव खराब झालं ते 'भारतीय मसाला' म्हणून, त्यात हळद-मिरचीवालाही आला. इथं आकडा वाढवला म्हणून समोरच्या देशाचा आकडा वाढत नाही. क्लोरपायरीफॉस युरोपनं २०२० मध्ये बंद करून मर्यादा ०.०१ वर आणली, आपल्या दुकानात ते त्यानंतरही राहिलं. या फरकात शेवटी भरडतो तो शेतकरीच.

कुणी म्हणेल, तपासणीला काही हजार रुपये लागतात, कोथिंबिरीच्या गाडीला ते कसे परवडणार? रिपोर्ट येईपर्यंत माल सडेल. बरोबर आहे. म्हणून मी गाडी अडवा म्हणतच नाही. माझं म्हणणं असं:

१. बाजार समितीत रोज थोड्या गाड्यांचे नमुने घ्या, शेतकऱ्याच्या नावानं, बोलीच्या आधी. खर्च सेसमधून करा. माल विकू द्या.

२. निकाल त्याच शेतकऱ्याच्या मोबाइलवर द्या. पहिल्यांदा फेल गेला तर कृषी सहाय्यक बांधावर जाऊन काय चुकलं ते सांगेल, दंड नको. पुन्हा पुन्हा तेच झालं तर पुढचं बघा.

३. लहान पिकांच्या लेबल क्लेमच्या चाचण्या सरकारी पैशातून करा. एकाच गटातल्या पिकांना, जसं सगळे वेलवर्गीय, एकत्र मंजुरीचा मार्ग मोकळा करा.

४. दुकानदाराच्या बिलावर औषधाबरोबर पिकाचं नाव लिहिणं सक्तीचं करा. मग 'कपाशीला दिलं होतं' असं म्हणता येणार नाही.

"आधी भाव द्या, मग शिस्त सांगा," असंही कुणी म्हणेल. भावाची मागणी खरीच आहे, मी त्या मोर्चात पुढं असतो. पण हातात रिपोर्ट नसताना 'माझा माल चांगला आहे, दोन रुपये जास्त द्या' हे कुणाला पटवायचं? निर्यातवाल्याला दर मिळतो तो कागदावर. कागद लोकल मालालाही मिळू द्या.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातातलं तरी करूया. बाटलीवर पिकाचं नाव आणि पीएचआय वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. दुकानदारानं 'यात हे पण टाका' म्हणून दिलेलं बिननावाचं टॉनिक टाकीत ओतू नका, त्यात काय असतं हे त्यालाही माहीत नसतं. आणि एका वहीत तारीख, औषध, डोस लिहून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलं तर ती वहीच आपल्या बाजूनं बोलेल.

कृषी विभागातले आणि विद्यापीठातले जे मित्र हे पेज वाचतात, त्यांनी तिसऱ्या मुद्द्यावर जरूर लिहावं. कुणाचं मत वेगळं असेल तर तेही मोकळेपणानं सांगा.

जय जवान, जय किसान.