पंचवीसचे बावन्न

या वेळचं लिखाण भांडणाचं आहे आणि भांडण माझ्या सख्ख्या भाच्याशी आहे. तेव्हा ताईने हे वाचून लगेच फोन उचलू नये. जे लिहितोय ते सगळं त्याला समोरासमोर सांगून झालेलं आहे.

भाचा पुण्यात असतो. लहान लहान यंत्रांच्या पोटात जे प्रोसेसर असतात त्यांच्यासाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. दिवाळीला इस्लापूरला आला तो लॅपटॉप आणि एक उघडा बोर्ड घेऊनच. यंत्र तापमान मोजायचं, पण जिथे १ दिसायला हवा तिथे ०.०००००० दाखवायचं. चूक झाल्याची सूचना नाही, काही नाही. त्याच्या साहेबांनी उपाय सांगून ठेवला होता, आकडा छापायच्या आधी त्याच्या दोन अर्ध्यांची अदलाबदल करून टाक. "दहा मिनिटांचं काम आहे मामा," तो म्हणाला.

माझं भांडण त्या दहा मिनिटांशी आहे.

मला सी येत नाही. मी मराठी माध्यमाचा बी.ए. पण पंचवीस सांगितले की ५२ लिहिणारी लेकरं मी नोकरीभर पाहिली, त्यामुळे भाच्याने बोर्डाचं दुखणं समजावलं तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. आधी दुखणं सांगतो.

अपूर्णांक ठेवायला संगणकात आठ बाइटची एक जागा असते, तिला 'डबल' म्हणतात. त्यातला कोणता बिट चिन्हाचा, कोणते घाताचे, कोणते अंकांचे हे आयईईई ७५४ या १९८५च्या मानकाने ठरवून दिलं. पण आठांपैकी कोणता बाइट स्मृतीत आधी ठेवायचा हे त्याने सांगितलं नाही. त्यामुळे १ हा एकच आकडा एका जातीच्या यंत्रात ६३, २४०, ०, ०, ०, ०, ०, ० असा बसतो (थोरला बाइट आधी) आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रात बरोबर उलटा, ०, ०, ०, ०, ०, ०, २४०, ६३. या दोन जातींची 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावं डॅनी कोहेन यांच्या १९८०च्या लेखामुळे रुळली. मुळात ती जोनाथन स्विफ्टच्या १७२६च्या गलिव्हरमधली. तिथे अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध होतं. कोहेन यांनी लेखाच्या नावातच शांततेची विनवणी केली होती. कुणी ऐकली नाही, असो.

आता खरी गंमत. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने १९८५ साली केलेला आर्म प्रोसेसर आज खिशाखिशात आहे. त्याच्या जुन्या अपूर्णांक पद्धतीत एक तिसरंच होतं. डबलचे चार-चार बाइटचे दोन तुकडे, त्यात थोरला तुकडा आधी, पण लिटल एंडियन यंत्रात प्रत्येक तुकड्याच्या आत बाइट धाकटे आधी. म्हणजे ०, ०, २४०, ६३, ०, ०, ०, ०. भाचा म्हणाला, "बघा मामा, कसला विचित्र प्रकार!"

मी म्हटलं, विचित्र काय त्यात? एकशे पंचवीस म्हण. आधी शंभर, म्हणजे थोरला. मग पाच, मग वीस, म्हणजे आत धाकटा आधी. तू बोलायला लागल्यापासून जुन्या आर्मसारखाच बोलतोस. (एकोणतीस तर वजाबाकी करून बोलतो आपण, ते सोडूनच द्या.) आपल्याकडून तेलंगणाची हद्द लांब नाही, पलीकडे गेलास की 'इरवै ऐदु' ऐकशील, वीस पाच. थोरला आधी, जसं लिहितात तसं. यातलं बरोबर कोणतं? दोन्ही. माझं म्हणणंच ते आहे, क्रम कधी चुकीचा नसतो. एकाने एक क्रम धरला आणि दुसऱ्याने दुसरा धरला, आणि ते कुणी कुणाला सांगितलं नाही, की घोटाळा.

भाच्याच्या यंत्रात हेच झालं होतं. पुढे आर्मने व्हीएफपी नावाची नवी पद्धत आणली, तिच्यात तुकडे सरळ क्रमाने बसतात. त्याचा कंपायलर नवा होता, सरळ क्रमाचा. पण त्यांच्या ऑफिसात सी लायब्ररीची फार जुनी प्रत कुणीतरी काढून ठेवलेली, तीच वर्षानुवर्षं वापरात. तिच्यात 'आर्म म्हणजे थोरला तुकडा आधी' असंच धरलेलं. त्यामुळे कंपायलरने ठेवलेला १ लायब्ररीला दिसायचा साधारण ५.३ भागिले दहाचा ३१५वा घात एवढा. छापताना त्याचं शून्य होणारच.

मग छापण्याआधी अदलाबदल केली तर काय बिघडलं? भाच्याने अगदी हेच विचारलं. तर ऐका. छापणारं फंक्शन उलटं वाचत होतं, तसंच कळफलकावरून आलेला मजकूर वाचून त्याचा आकडा करणारं फंक्शनही उलटंच ठेवत होतं. लायब्ररी एकच ना! म्हणून बटणं दाबून १ घातला की पडद्यावर १ च दिसायचा. दोन चुका एकमेकींना पुसून टाकत होत्या. यंत्र तपासणाऱ्याने हेच करून पाहिलं होतं, आकडा घातला, तोच दिसला, पास! आता नुसत्या छपाईत अदलाबदल केली तर बटणांनी घातलेला आकडा बिघडणार. मग तिथेही अदलाबदल. मग फाइलीत लिहिताना. मग गणिताच्या फंक्शनांत, कारण तीही थोरला तुकडा, धाकटा तुकडा वेगळा काढूनच काम करतात. दहा मिनिटांची पाच ठिगळं. आणि सहावं कुठे लागणार ते कुणालाच माहीत नाही.

मी म्हटलं, बटणांनी १ घाल, पुन्हा १ घाल आणि बेरीज दाखव. त्याने केलं. उत्तर आलं सुमारे ८.९९ गुणिले दहाचा ३०७वा घात. एक अधिक एक बरोबर तीनशे आठ आकडी संख्या! भाचा जरा वेळ गप्प बसला.

मी मात्र दुसऱ्याच कारणाने गप्प होतो. १९८०च्या आसपास माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा होता. पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहायचा. वाच म्हटलं की त्यालाच पंचवीस वाचायचा. घातला तोच दिसला, पास. एकदा मी त्याला पंचवीसात पाच मिळवायला सांगितले. त्याने ५२ खाली ५ मांडून ५७ केले आणि वाचून दाखवले, "पंच्याहत्तर." वर्ग हसला. मी त्याला दोन छड्या दिल्या. बेरीज त्याची बरोबर होती मंडळी. त्याच्या घरी जो अंक आधी बोलतात तोच आधी लिहितात, तोच नियम त्याने इथे लावला. आपला क्रम आत जाऊन उलटतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

म्हणून २०१९ सालचा गोंधळ आठवला की मला स्वतःचाच राग येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी पद्धत काढलेली नव्हती, दोन्ही दिल्या होत्या. तरी केवढा हलकल्लोळ! मराठी बुडाली इथपासून ते विधानसभेत फडणवीस या आडनावावर झालेल्या विनोदापर्यंत. मीही निवृत्तांच्या कट्ट्यावर 'पन्नास दोन पत्ते' म्हणून हशा मिळवला. नारळीकर बाई २०२३ साली गेल्या. त्यांनी केलं होतं ते इतकंच, की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम कुठे वेगळा होतो ते पुस्तकात उघड मांडलं. आपण हसलो त्यांना, आणि ५२ लिहिणारी लेकरं राहिली तिथेच.

भाचा वकिली करायला लागला, "मग 'वीस एक' ही पण अदलाबदलच की मामा." आहे ना! पण ती एका जागी, सगळ्यांना दिसेल अशी. प्रत्येक गुरुजीने आपापल्या फळ्यावर चोरून केलेली नाही. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घे. छोट्या प्रोसेसरांसाठी न्यूलिब नावाची सी लायब्ररी आहे, तिच्यात हे सगळं 'आयईईईएफपी डॉट एच' या एका फाइलीत ठरतं. आर्म असेल तर जुना क्रम की व्हीएफपीचा, तिथेच लिहिलेलं. आणि कुणी नव्या प्रोसेसरसाठी क्रम जाहीरच केला नाही, तर ती फाइल अंदाज बांधत नाही, क्रम जाहीर नाही असं सांगून कंपाइल व्हायलाच नकार देते. डेबियनने २००९च्या ५.० आवृत्तीत आर्मचं नवं रूप आणलं तेव्हाही प्रोग्रामाप्रोग्रामात ठिगळं लावली नाहीत, सगळं नव्याने कंपाइल करून वेगळं घर मांडलं. (हे सगळं मला त्यानेच सांगितलं होतं, मी फक्त त्याच्यावर उलटवलं.)

त्याला घाई होती हे मला कळतं. यंत्र गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, साहेब डोक्यावर बसलेले. मलाही तेव्हा अभ्यासक्रम संपवायचा होता.

परवा त्याचा फोन आला. आधी घातलेली तीन ठिगळं काढली, जुन्या प्रतीतल्या त्या एका फाइलीत व्हीएफपीची अट घातली, लायब्ररी पुन्हा कंपाइल केली. तपासणीच्या यादीत आता एक अधिक एक आहे. साहेब म्हणाले, एवढ्यासाठी चार दिवस?

मी म्हटलं, साहेबांना माझा नंबर दे.