फक्त दहा तास!

जग जवळ आलं आहे, असं म्हणणाऱ्या गृहस्थाला मी आधी एकच प्रश्न विचारतो, "तुमचं स्वतःचं कोण लांब राहतं?" बहुधा कुणीच नसतं. ज्याचं असतं तो असलं काही बोलत नाही. तो मुकाट्याने घड्याळातून साडेचार नाहीतर साडेपाच तास वजा करीत बसतो.

मुंबई ते लंडन हे विमानाचं अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ नऊ ते दहा तास. हे किलोमीटर मोजतात पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून, या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत. आता माझ्या नात्यागोत्यातलं एकही माणूस धावपट्टीवर राहत नाही! शिवाय हा दोरा देशोदेशींच्या आकाशातून जातो आणि आकाशालाही फाटक असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना ते बंद केलं, आणि ताणलेल्या दोऱ्याला चांगलाच झोल पडला.

आता पुणेकराचा हिशेब पाहा. मुंबईच्या विमानतळापर्यंत चार तास. घाटात एखादा ट्रक आडवा झालाच तर म्हणून एक तास वर. विमानाआधी तीन तास हजर. मग ते जगप्रसिद्ध दहा तास. उतरल्यावर शिक्के आणि सामान, दीड तास. तिथून मुलाच्या घरी आणखी दीड. बेरीज एकवीस! म्हणजे विमानाचा वाटा निम्म्याहूनही कमी. दीडशे किलोमीटरला पाच तास लागतात ते कुणी सांगत नाही, आणि सात हजारांना दहा लागतात त्याचे मात्र पोवाडे.

वेळापत्रक तर याहून लबाड. थंडीच्या दिवसांत दुपारी दोनला निघा, संध्याकाळी साडेसहाला लंडनला उतरा. साडेचार तास! परतीला तेच तास कापून घेतात. येताना वारा पाठीशी असतो म्हणून प्रवास थोडा आधी आटोपतो, एवढीच काय ती सूट.

८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं ते कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेलं. तेव्हा लांब म्हणजे लांबच, हे जाणाराही जाणत होता आणि पोचवायला आलेलाही. आता 'फक्त दहा तास' या भरवशावर म्हातारी माणसं एकटी ठेवून पोरं खुशाल विमानात चढतात. विमान कंपन्यांनी तिकिटावर घर ते घर वेळ छापावी, ही माझी मागणी आहे. निदान निघणाऱ्याला कळेल तरी.

शेजारचे काका गेले सोमवारी रात्री दहाला. मुलगा लंडनला. सर्वांत लवकरची जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात. पुण्याच्या घरात त्याचं पाऊल पडलं बुधवारी सकाळी सहाला. बत्तीस तास. मंगळवारभर आम्ही बर्फाच्या लाद्या आणत होतो. दुपारी तीनला काकूंनी विचारलं, "आता कुठवर आला असेल रे?"

मी म्हटलं, "निघालाय."

लंडनला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि विमान अजून जागेवरच उभं होतं.