गोळी जेवल्यावर घ्या, पण जेवायचे कधी?

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडा. बाम, खोकल्याची बाटली आणि डायक्लोफिनॅकची अर्धी कापलेली पट्टी एवढे तरी बहुतेक निघतेच. कुणी तिला 'दुखण्याची गोळी' म्हणते, कुणी नुसतेच 'पेनकिलर'. घरातल्या एकाला डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पुढे सहा महिने सगळे घर खाते. सासूचे गुडघे, सुनेची कंबर, नवऱ्याचा खांदा, शाळेतल्या मुलीची पाळी, सगळ्याला तीच.

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या आम्ही कार्यकर्त्या या गोळीच्या विरोधात नाही. योग्य माणसाला, योग्य डोसमध्ये, थोडे दिवस दिले तर हे चांगले औषध आहे. दात काढल्यावरची किंवा हाड मोडल्यावरची कळ सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही. आमची तक्रार वेगळी आहे. गोळी देताना सांगतात, जेवल्यावर घ्या, पाणी भरपूर प्या, अंग टेका. यातली एकही गोष्ट आपल्या कष्टकरी बाईच्या हातात नसते. आणि गोळी बाधली की बोल मात्र तिलाच लागतो.

या सूचना का देतात ते आधी समजून घेऊ. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखणे आणि सूज वाढवण्यात त्यांचा हात असतो. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा नीट ठेवतात. डायक्लोफिनॅक ही द्रव्ये कमी करते, म्हणून दुखणे थांबते. पण त्याच वेळी जठराचे कवच पातळ होते आणि मूत्रपिंडाकडचे रक्त घटते. अंगात पाणी भरपूर असेल तर धडधाकट माणसाचे मूत्रपिंड तेवढे निभावून नेते. पाणी कमी पडले तर ते अडचणीत येते.

आता ऊसतोडीच्या फडातल्या बाईकडे बघा. पहाटे अंधारात चूल पेटवायची, भाकरी बांधून घ्यायची, दिवस उजाडायच्या आत फडात. दिवसभर वाकून तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. फडात संडास नाही, म्हणून ती पाणी मुद्दाम कमी पिते. एक दिवस बुडाला तर मजुरी जातेच, वर मुकादम खाडा धरून पैसे कापतो. उचल फिटायची बाकी असते. म्हणून ती कंबर धरून उठते, उपाशीपोटी गोळी गिळते आणि कोयता उचलते. रिकामे पोट, उन्हातले कष्ट, कमी पाणी आणि त्यात ही गोळी. मूत्रपिंडाला इजा व्हायला याहून वाईट जुळणी शोधून सापडणार नाही. शहरात रस्ता झाडणाऱ्या, दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बायांचे चित्र फार वेगळे नाही.

मूत्रपिंडावरून एक गोष्ट आठवते. ज्यांच्या आज्या-आजोबांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मेलेली ढोरे ओढायचे सोडले, त्यांनी घरात गिधाडांच्या गोष्टी ऐकल्या असतील. ती गिधाडे गेली कुठे? जनावरांना हेच डायक्लोफिनॅक टोचले जात होते. अशा जनावराचे मढे खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती हजारोंनी मेली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्याही बंद झाल्या. माणूस काही गिधाड नाही, त्याला ठरलेला डोस सोसतो. पण रानातल्या पक्ष्यासाठी कायदा हलतो आणि किराणा दुकानात बिस्किटाशेजारी हीच गोळी सुटी मिळते, हे आम्हाला खटकते. डायक्लोफिनॅक 'शेड्यूल एच'मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. पट्टीवर लाल उभी रेघ असते ती त्याचीच खूण.

डोसचे गणित साधे आहे. मोठ्या माणसाला ५० मिलीग्रॅमची गोळी डॉक्टर दिवसातून दोनदा किंवा तीनदा देतात. दिवसाला १५० मिलीग्रॅमच्या वर नाही. 'एसआर १००' लिहिलेली गोळी हळूहळू विरघळते. ती घेतल्यावर वर ५० च्या तीन गोळ्या घेणे म्हणजे मर्यादा ओलांडणे. खरा घोळ नावांचा होतो. एका डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिलेले असते, दुसऱ्यांनी असेक्लोफिनॅक, आणि बाईकडे आयब्युप्रोफेनची जुनी पट्टी असतेच. पाळीसाठी मुली घेतात ते मेफेनॅमिक अॅसिडही त्यातलेच. डबे वेगळे, रंग वेगळे, पण ही सगळी एकाच घरातली भावंडे. दोन एकत्र घेतली की दुखणे दुप्पट थांबत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडाचा धोका मात्र वाढतो. म्हणून पट्टीवरच्या मोठ्या नावाखालचे बारीक अक्षरातले नाव घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. सुटी कापलेली गोळी घेऊच नका. तिच्यावर ना नाव पुरे असते, ना तारीख.

सुईबद्दल बोलायलाच हवे. 'गोळीने पोट जळते, डॉक्टर, सुईच मारा' ही विनंती आम्ही रोज ऐकतो. सुईतले औषधही रक्तातूनच फिरते, म्हणून पोट वाचत नाही. शिवाय सुई चुकीच्या जागी बसली तर पायाची नस दुखावू शकते. तिच्याबरोबर स्टेरॉइडची सुई दिली जाते तेव्हा जठराला व्रण होण्याची भीती आणखी वाढते. सुईत काय भरले ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टर रागावले तरी विचारा.

ज्यांना हृदयविकार आहे, लकवा मारून गेला आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, पोटात व्रण आहे किंवा अशा गोळीने पूर्वी दमा उसळला आहे, त्यांनी डायक्लोफिनॅक घेऊ नये. बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर बाईने पाचव्या महिन्यापासून तर मुळीच स्वतःच्या मनाने घेऊ नये, बाळाभोवतालचे पाणी कमी होऊ शकते. त्याआधीही विचारूनच. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात ही गोळी नको, रक्तस्राव वाढतो. संडास डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसले, लघवी कमी झाली, पाय-तोंड सुजले, छातीत दुखले किंवा दम लागला तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्यावर ढकलायचे नाही.

एवढी माहिती देऊन आमचे काम संपते असे आम्हाला वाटत नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी आठवड्याला ४८ तासांच्या कामाचा आग्रह धरला, आणि १९४६ साली कारखाना कायद्यात ते आले. थकलेल्या शरीराला वेळ देणे हा कायद्याचा विषय आहे, हे त्यांना कळत होते. फडात सावली, पाणी आणि संडास हवा, आजारपणाचा खाडा कापता कामा नये, ही मागणी म्हणूनच आम्ही आरोग्याची मागणी समजतो. ठेकेदाराकडे सफाई, हाउसकीपिंग करणाऱ्यांनी पगाराची पावती काढून बघावी. ईएसआयसाठी ०.७५ टक्के कापले जात असतील आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. हे माहीत नसलेल्या बाया कंबर मोडेपर्यंत गोळ्यांवर ओढत राहतात. काही ठेकेदार पैसे कापतात आणि भरत नाहीत, तेही तपासा.

आणि थोडे आपल्या शिबिरांबद्दल. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला शिबिरे होतात, हेतू चांगला असतो. पण 'अंग दुखते' म्हटले की दहा गोळ्यांची पट्टी हातात पडते, बीपी बघितले न बघितले. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून गोळ्यांचे खोके कमी घ्या. त्या पैशात बीपी मोजायचे यंत्र येईल आणि पन्नाशीपुढच्यांची क्रिएटिनिनची तपासणी करता येईल. गोळी द्यायचीच तर बीपी बघून, पोटाचे विचारून, तीन दिवसांपुरती. आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात औषधाचे नाव लिहून.