भोवळीची हकीकत

विश्रामबागेतून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ जितकी तरुण मंडळी दृष्टीस पडतात, तितकी सांगली शहराच्या दुसऱ्या भागात क्वचितच पडत असतील. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने स्थापलेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आधाराने या परिसरात वसतिगृहे, खाणावळी, अभ्यासिका आणि शिकवणीचे वर्ग यांची एक वसाहतच उभी राहिली असून, जत, आटपाडी, कवठे महांकाळ अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली येथे राहून अभियंता होण्याची, स्पर्धा परीक्षेची किंवा पोलीस भरतीची तयारी करीत असतात. अशा वस्तीत एखादी मुलगी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या कोसळते, एखादा मुलगा मैदानावर ऐन धावण्यात भुईवर पडतो, आणि दोघांचीही विल्हेवाट एकाच रीतीने लागते: नाकाशी कांदा धरायचा, तोंडात पाणी ओतायचे, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखाना गाठायचा, सलाईनची एक बाटली लावून घ्यायची आणि ‘अशक्तपणा आहे’ एवढ्या शेऱ्यावर प्रकरण दप्तरी दाखल करायचे. या शिरस्त्याविरुद्ध मला लिहावयाचे आहे. कारण ही दोन पडणी वरकरणी सारखी दिसली, तरी पहिले बहुधा निरुपद्रवी असते आणि दुसरे कधीकधी मृत्यूने आगाऊ दिलेली सूचना असते.

मूर्च्छा म्हणजे मेंदूला होणारा रक्ताचा पुरवठा काही क्षण अपुरा पडणे. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पाय आणि पोट यांकडे उतरते. निरोगी शरीरात रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावून आणि नाडी किंचित जलद होऊन हा तोल सावरला जातो. परंतु रक्त पाहिल्याने, सुई टोचल्याने, तीव्र वेदनेने, भयाने किंवा उकाड्यात फार वेळ ताटकळल्याने काही व्यक्तींत मज्जातंतूंची उलटीच प्रतिक्रिया उद्भवते, हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि मनुष्य खाली पडतो. थॉमस लुईस या ब्रिटिश हृदयतज्ज्ञाने १९३२ साली या प्रकाराला शास्त्रीय नाव दिले. तरुण वयातील बहुसंख्य मूर्च्छा याच जातीच्या असतात. आधी मळमळते, घाम सुटतो, कान बंद झाल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि शरीर आडवे होताच रक्त मेंदूकडे परत फिरून मिनिटाच्या आत शुद्ध येते. पडणे हाच येथे निसर्गाने योजिलेला उपचार आहे. म्हणून बेशुद्ध माणसाला उठवून बसविणे, आणि त्याहून वाईट म्हणजे मान लुळी पडलेली असताना त्याला दुचाकीवर ताठ धरून नेणे, हे त्या उपचाराचा उच्छेद करण्यासारखे आहे. त्याला उताणे निजवावे, पाय उंच करावेत, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालू नये. श्वासच थांबला असेल, तर मात्र छाती दाबण्यास आरंभ करून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

‘अशक्तपणा’ या शब्दाखाली आपण काय काय झाकून ठेवतो, तेही पाहण्याजोगे आहे. न्याहारी टाळून चहावर दुपार गाठणारी मुले आहेत, पुरेसे पाणी न पिता चैत्र-वैशाखाच्या उन्हात हिंडणारी आहेत, उपासावर उपास करणारी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होत असूनही त्याचा उच्चार घरी न करणाऱ्या मुलींना चक्कर येते, यात नवल ते कोणते? काहींची नाडी नुसते उठून उभे राहताच मिनिटाला तीस ठोक्यांहून अधिक वाढते आणि ती वाढलेलीच राहते. या विकाराचा संशय येण्यास निजलेल्या आणि उभ्या स्थितीत नाडी व रक्तदाब मोजणे पुरेसे असते, परंतु गर्दीच्या दवाखान्यात तेवढी पाच मिनिटे कोणी खर्च करीत नाही. अविवाहित मुलीला भोवळ आली की तिच्याकडे वळणाऱ्या संशयी नजरा हा तर आपल्या समाजाचा अक्षम्य दोष आहे. त्या नजरांच्या भयाने मुली चक्कर लपवितात. आणि पाळी चुकलेली, ओटीपोटात कळ आणि त्यातच मूर्च्छा, अशी लक्षणे एकत्र आली असता गर्भ गर्भाशयाबाहेर रुजून आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. तेथे विवाहित-अविवाहित हा प्रश्न गौण असून एकेक तास मोलाचा असतो.

आता मैदानावरील पडण्याविषयी. धावताना, पोहताना, अथवा कोणतीही पूर्वसूचना नसताना आलेली मूर्च्छा, मूर्च्छेपूर्वी छातीत झालेली धडधड, आणि कुटुंबात कोणाचा तरुणपणी अकस्मात झालेला मृत्यू, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड होत जाणे किंवा त्यातील विद्युत्प्रवाहात उपजत विकृती असणे, हे विकार पीळदार देहातही वर्षानुवर्षे दडून राहतात. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि त्यांतील काही दगावले. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. गृहखाते तेव्हा याच जिल्ह्यातील आर. आर. पाटील यांच्याकडे होते. त्या मृत्यूंच्या चर्चेत उन्हाचा मुद्दा अग्रभागी होता आणि तो खराही होता. परंतु अंतर घटविले, आज पुरुषांसाठी १६०० व स्त्रियांसाठी ८०० मीटर ठरविले, म्हणून दडलेला हृदयविकार घटत नाही. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि तेथील व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घसरले. सरसकट सर्वांची अशी तपासणी करावी काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मला मान्य आहेत. परंतु जो एकदा मूर्च्छित होऊन पडला त्याचा ईसीजी काढावा, याविषयी जगात मतभेद नाही. तो निर्दोष आला तरी धावताना पडलेल्या माणसाची चौकशी तेथे संपत नाही, आणि ती पुरी होईपर्यंत त्याने धावू नये.

या सर्व निदानात सर्वांत मोलाचा पुरावा कोणता, असे विचारल्यास मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची जबानी असे उत्तर देईन. पडलेल्याला स्वतःला काहीच आठवत नसते. तो उभा होता की बसलेला, चेहरा पांढरा पडला की निळा, हातपाय आधी झटकले की पडल्यानंतर, किती वेळात भानावर आला, त्यानंतर नीट बोलला की बराच वेळ भ्रमिष्टासारखा राहिला, हे शेजारी उभा असलेला मित्रच सांगू शकतो. साध्या मूर्च्छेतही हातपाय क्षणभर झटकतात, आणि तेवढ्यावरून ‘फिट आली’ असे ठरून निष्कारण मिरगीच्या गोळ्या गिळणारी, ते लपवीत विवाहाच्या वाटाघाटींत खाली मान घालणारी मुले-मुली काही कमी नाहीत. उलट खऱ्या अपस्मारात जिभेची कड चावली जाते आणि नंतरचा गोंधळ दीर्घकाळ टिकतो. हा तपशील डॉक्टरांपर्यंत पोहोचला नाही, तर महागडे स्कॅन काढूनही पदरी फारसे पडत नाही. आणि तो पोहोचविणारा मित्र मात्र बहुधा दवाखान्याच्या दारातूनच परतलेला असतो.

विश्रामबागेतील प्राचार्यांना, वसतिगृहांच्या अधीक्षकांना आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थी कोसळल्यास त्याची वेळ, स्थिती आणि पाहणाऱ्याचे निवेदन यांची त्याच दिवशी नोंद करावी, तो कागद आणि तो साक्षीदार दोन्ही रुग्णासोबत डॉक्टरांकडे पाठवावेत, आणि धावताना पडलेल्या मुलाला हृदयतज्ज्ञाच्या लेखी अनुमतीवाचून पुन्हा मैदानावर उतरू देऊ नये.