सवलत आणि पायरी

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तेव्हापासून एसटीने महाराष्ट्राच्या जीवनात, आणि ओघानेच मराठी कथा-कादंबरीत, जे स्थान मिळवले ते साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. गावातला मुलगा महाविद्यालयात गेला, माहेरवाशीण घरी परतली, आजारी माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोचला, तो बहुधा याच गाडीने. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे महामंडळाचे ब्रीद त्यामुळे पोकळ म्हणता येत नाही. तरीही या बहुजनांत चाकाच्या खुर्चीवरचा, कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालणारा माणूस धरला आहे काय, हे विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते.

उत्तरादाखल सवलतीकडे बोट दाखवले जाते. अपंग प्रवाशाला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु तिचा लाभ गाडीत चढल्यानंतरचा. ज्याला पायरीच चढता येत नाही, त्याला भाडे पूर्ण माफ केले तरी तो थांब्यावरच राहणार.

थोडे मोजमाप पाहू. शहरी बसगाड्यांच्या सरकारी मानकांत गाडीच्या तळाच्या उंचीचे तीन प्रकार आहेत: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. इमारतींच्या उतारासाठी १ फूट उंचीला १२ फूट लांबी हे प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने ९०० मिलिमीटर चढायला जवळजवळ ११ मीटर लांबीचा उतार हवा. म्हणजे साधारण गाडीच्याच लांबीएवढा. उलट ४०० मिलिमीटर तळाची लो-फ्लोअर गाडी १५० मिलिमीटर उंच पदपथाला लागून उभी राहिली, तर अंतर उरते अवघे २५० मिलिमीटर. तेवढ्याला दारातली घडीची फळी पुरते. अर्थात चालकाने गाडी पदपथाला भिडवली, वाहकाने फळी उघडली आणि थांब्यासमोर दुचाक्या उभ्या नसल्या, तरच.

या कोरड्या आकड्यांचा साहित्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध जवळचा आहे. वाहक आणि सहप्रवासी मिळून एखाद्या अपंग माणसाला उचलून गाडीत ठेवतात, हे दृश्य आपण माणुसकीचे म्हणून वाचतो, वर्गात शिकवतो आणि गहिवरतो. त्या हातांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण ज्याला उचलले त्याच्या बाजूने हे दृश्य क्वचितच वाचले जाते. अनोळखी हातांनी आपल्या शरीराला कुठे धरावे हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय दररोज सकाळी दहाच्या तासाला पोचायचे असेल, तर दररोज चार माणसांचा चांगुलपणा जुळून यावा लागतो. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' आहे. अशा पुस्तकांवर आपण चर्चासत्रे भरवतो. पण चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी त्या सभागृहापर्यंत बसने येऊ शकेल का, हा प्रश्न विषयपत्रिकेत नसतो.

शब्दांचे आपले प्रेम मात्र उतू जाते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पाहता पाहता पाट्या, पास, अर्ज यांवर तो आला. पाटी बदलली, पायरी होती तेथेच राहिली. १९९५ च्या कायद्याने बसगाड्या सुगम करण्यास सांगितले, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या कायद्यानेही 'शक्य असेल तेथे' ही वाट मोकळी ठेवली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारशीवजा ठरवणारा नियम रद्द केला आणि किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश केंद्राला दिला. जर-तरच्या वाक्यांत किती माणसे अडकून पडतात, हे भाषेच्या अभ्यासकांना यापेक्षा स्पष्ट कोठे दिसेल?

'असे प्रवासी बसला दिसतच नाहीत, मग खर्च कोणासाठी?' हा आक्षेप नेहमीचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतील सर्वांनाच चालण्याची अडचण नाही हे खरे. पण ज्यांना आहे ते बसला दिसत नाहीत, याचे कारण ती बसच आहे.

एकदा घेतलेली बस अनेक वर्षे रस्त्यावर राहते. म्हणून आजच्या खरेदीच्या निविदेत तळाची उंची, दाराची रुंदी आणि खुर्ची बांधून ठेवण्याची जागा लिहिली नाही, तर आज शाळेत असलेल्या मुलाचे महाविद्यालयही हुकणार. खेड्यांच्या रस्त्यांसाठी उंच गाड्या लागत असतील, तर रुंद दाराच्या गाड्या घ्याव्यात आणि प्रत्येक बसस्थानकात निदान एक फलाट गाडीच्या तळाइतका उंच करून त्याला सौम्य उतार द्यावा. गाडीला ११ मीटरचा उतार जोडता येत नाही, स्थानकात तो एकदाच बांधता येतो. आणि त्यावरून म्हातारी माणसे, गरोदर बाया, बोचकी घेतलेले बाजारकरूही चढतील. ब्रीदातले 'बहुजन' मोजायला तेथून सुरुवात व्हावी.