गोष्टीतला श्रीमंत नवरा



दोन महिन्यांपूर्वी याच पानावर आम्ही वर्गातला एक प्रसंग लिहिला होता. दहावीचा मराठीचा तास चालू होता आणि मागच्या बाकावरची एक मुलगी भूगोलाच्या पुस्तकात दुसरेच पुस्तक ठेवून वाचत होती. हातात घेऊन पाहिले, तर मिल्स अँड बूनची इंग्रजी कादंबरी. कव्हर फाटलेले, रद्दीच्या दुकानातून आणलेले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "टीचर, अम्मीला नका ना सांगू." आम्ही पुस्तक पर्समध्ये टाकले आणि घरी येऊन चाळले. जवळजवळ प्रत्येक पानावर अवघड शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने उर्दूत अर्थ लिहिले होते. इंग्रजीचा निबंध चार ओळींत उरकणारी ही मुलगी डिक्शनरी घेऊन शंभर-दीडशे पाने वाचून गेली होती!

अशा कादंबऱ्या तुम्ही वाचल्या आहेत का, आणि मुलींना वाचू द्याव्यात का, असे आम्ही तुम्हाला विचारले होते. पुस्तक परत द्यायचे की नाही, हे तुमची पत्रे वाचून ठरवू, असेही म्हटले होते. पत्रे बरीच आली. आज त्यांच्याबद्दल.

ज्यांनी ही पुस्तके पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशन संस्था 1908 साली निघाली. सुरुवातीला ती सर्व प्रकारची पुस्तके छापत असे. 1930 च्या सुमारास तिने प्रेमकथांवर भर दिला, कारण भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ऱ्यांमध्ये बायका तीच पुस्तके मागत. पुढे 1971 मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विन कंपनीने ती विकत घेतली, आणि 2008 मध्ये भारतातही त्यांचे ऑफिस उघडले. या कादंबऱ्या मालिकेने निघतात. डॉक्टर-नर्सची मालिका वेगळी, जुन्या काळची वेगळी, आणि गर्भश्रीमंत नायकांची वेगळी. दर महिन्याला नवी पुस्तके येतात, जाडी साधारण ठरलेली असते आणि शेवट सुखाचा असणार हे आधीच माहीत असते. नायक कधी ग्रीक जहाजमालक, कधी इटालियन उद्योगपती, कधी वाळवंटातला शेख. नायिका त्याची सेक्रेटरी, मुलांची आया किंवा कर्जात बुडालेल्या बापाची मुलगी. तो उद्धट, ती मानी. आधी भांडण, मग गैरसमज, मग निकाह, म्हणजे त्यांच्या पद्धतीचे लग्न!

आता पत्रांकडे वळू.

कोकणातल्या एका भगिनीचे शोहर बारा वर्षे आखातात नोकरीला आहेत. त्या लिहितात, "दुपारी सासूबाई झोपल्या की एक तास माझा असतो. त्या तासात मी कोणाची बहू नसते, कोणाची अम्मी नसते. गोष्टीतल्या नवऱ्याकडे विमान आहे याचे मला काही नाही. तो घरी असतो, याचेच अप्रूप वाटते."

सोलापूरकडच्या एका वडिलांना हे अजिबात मान्य नाही. ते म्हणतात, "माझ्या मुलीने दोन चांगले रिश्ते नाकारले. मुलगा रिक्षाचे परमिट असलेला, नमाजी, कमावता. तिला बंगला हवा. हे डोक्यात कोणी भरवले?"

पुण्याच्या एका आजींनी तरुणपणी अशी पुस्तके पोत्याने वाचली. "वाचली, परत केली आणि जो शोहर मिळाला त्याच्याशी पंचेचाळीस वर्षे संसार केला. गोष्ट ती गोष्ट. आम्हाला काय एवढेही कळत नव्हते?" कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनेही हेच लिहिले, जरा रागाने: "आमचे भाऊ मारधाडीचे सिनेमे पाहतात, तेव्हा ते खून करतील अशी भीती तुम्हाला वाटते का?"

आणि एक पत्र असे, की ते वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मराठवाड्यातल्या या भगिनी लिहितात, "मी खूप वाचायचे. त्यातला नायक रागीट असायचा. हात धरून ओढायचा, मैत्रिणींना भेटू द्यायचा नाही, आणि शेवटी कळायचे की हे सगळे प्रेमापोटी होते. निकाहनंतर माझ्या शोहरने तेच केले. मला वाटले, आत कुठेतरी प्रेम आहे, थोडे थांबले पाहिजे. मी सहा वर्षे थांबले. शेवटचे पान आलेच नाही."

पत्रांतला हा वाद नवा नाही, हे वडीलधाऱ्यांना सांगितले पाहिजे. 1740 साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल रिचर्डसन यांची 'पामेला' ही कादंबरी आली. श्रीमंत मालक घरातल्या गरीब मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो, ती आपली अब्रू सांभाळते आणि शेवटी तो तिच्याशी लग्न करतो. त्यावरून वाचकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, मुलींनी पामेलासारखे नेक असावे. दुसरा म्हणे, ही तर श्रीमंत नवरा पटकावण्याची युक्ती! हेन्री फील्डिंग यांनी दुसऱ्याच वर्षी तिची टर उडवणारे 'शामेला' हे पुस्तक लिहिले. म्हणजे सोलापूरचे वडील आणि पुण्याच्या आजी आज जे भांडत आहेत, ते भांडण पावणेतीनशे वर्षांहून जुने आहे.

पण नायक श्रीमंतच का लागतो? जेन ऑस्टिन यांच्या 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये याचे उत्तर सापडते. त्यातल्या डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड आहे, हे वाचकाला त्याच्या स्वभावाच्या आधी कळते. नायिका एलिझाबेथच्या घरात पाच बहिणी आणि भाऊ नाही. बाप मेल्यावर घर-जमीन दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, मुलींना त्यात वाटा नाही. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची बहुतेक मालमत्ताही नवऱ्याच्या ताब्यात जाई. तो कायदा 1870 आणि 1882 साली बदलला. ज्या बाईचे स्वतःचे काहीच नाही, तिने गोष्टीत श्रीमंत नवरा मागितला तर तो निव्वळ लोभ कसा म्हणायचा? ती डोक्यावरचे छप्पर मागत होती. आणि तरीही एलिझाबेथने डार्सीला पहिल्यांदा नकार दिला, कारण तो तिच्या घरच्यांना तुच्छ लेखत होता. त्याने वागणे सुधारल्यावरच तिने होकार दिला.

अमेरिकेतल्या अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी एका लहान शहरातल्या 42 वाचक बायकांशी बोलून 1984 मध्ये 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिले. त्यातल्या बहुतेक जणी संसारी, मुलेबाळे असलेल्या. त्यांनी सांगितले की वाचनाचा वेळ हा दिवसातला एकच असा वेळ, जो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा असतो. त्यांना नायिका हुशार लागे आणि नायक तिची काळजी घेणारा. बाईवर जुलूम करणारा नायक त्यांना नको होता. कोकणातल्या आमच्या भगिनीचे पत्र आठवा. देश वेगळा, धर्म वेगळा, पण दुपारचा तो तास एकच.

तेव्हा या पुस्तकांतला दोष विमानात आणि बंगल्यात नाही, असे आम्हाला वाटते. दोष दुसऱ्या ठिकाणी आहे. अनेक कादंबऱ्यांत नायकाची जबरदस्ती हीच प्रेमाची खूण म्हणून दाखवली जाते, आणि त्याची श्रीमंती ती जबरदस्ती झाकते. हाच उद्धटपणा एखाद्या गरीब माणसाने केला असता, तर नायिकेने दार लावून घेतले असते.

शेख नायकाबद्दल तर आपल्या मुलींशी वेगळे बोलले पाहिजे. 1919 साली ई. एम. हल यांची 'द शेख' ही कादंबरी आली आणि 1921 मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. त्यात शेख अहमद एका इंग्रज मुलीला पळवून नेतो, तिच्यावर अत्याचार करतो आणि तीच मुलगी त्याच्या प्रेमात पडते. शेवटी कळते की तो अरब नाहीच, बाप इंग्रज उमराव आणि आई स्पॅनिश! म्हणजे क्रूरपणा दाखवायला अरबाचा वेश हवा, पण प्रेमाच्या लायक ठरवायला रक्त युरोपचे हवे. तेव्हापासून आजवर शेखांच्या कितीतरी प्रेमकथा निघाल्या. आपल्या मुलीने ते पुस्तक वाचले, तर त्यातला मुसलमान माणूस असा का रंगवला आहे, हे तिने विचारावे. हिसकावून घेतले, तर ती विचारणार नाही, लपून वाचेल.

आता थोडे आपल्या घरात पाहू. सोलापूरच्या वडिलांचा राग आम्हाला समजतो. रिक्षा चालवून हलालची कमाई करणारा मुलगा कुठल्याही जहाजमालकापेक्षा कमी नाही. पण भाईसाहेब, बंगला मुलीच्या डोक्यात पुस्तकानेच भरवला का? रिश्ता आला की आपल्या बैठकीत पहिले प्रश्न कोणते असतात? मुलगा काय करतो, पगार किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, सौदीला आहे की दुबईला? मुलगी आतल्या खोलीत चहाचे कप भरताना हे सगळे ऐकत असते. त्याचा राग कसा आहे, आईशी आणि बहिणीशी तो कसा बोलतो, हे किती घरांत विचारले जाते? गोष्टीतली नायिका निदान त्याला दोन शब्द सुनावते. आपल्या मुलीला बैठकीत तोंड उघडायची परवानगी नसते.

आणि मेहर? सूरह अन-निसामध्ये बायकांना त्यांचे मेहर खुशीने देण्याचा हुकूम आहे. इंग्लंडच्या बाईला 1882 च्या कायद्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे मेहर आणि वारशातला वाटा हा मुलीचा हक्क किती आधीपासून आहे! पण आपण काय करतो? निकाहनाम्यात जुजबी रक्कम लिहितो, तीही उधार ठेवतो आणि पुढे कधीतरी तिच्याकडून माफ करून घेतो. वाटणीच्या वेळी बहिणीकडून सही घेतो. मुलीच्या हातात तिचे स्वतःचे काही राहू दिले नाही, की तिची नजर नवऱ्याच्या खिशाकडे वळणारच. हजरत खदीजा (रजि.) स्वतः मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या. हुजूर (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले, त्यांची अमानतदारी पाहून खदीजा (रजि.) यांनी स्वतः निकाहचा पैगाम पाठवला. दौलत बाईकडे होती आणि पसंती स्वभावाला होती. ही हकीकत आपण मुलींना सांगतो, पण तिचा अर्थ सांगायला विसरतो.

मागच्या आठवड्यात आम्ही त्या मुलीला पुस्तक परत दिले. आधी तिच्या अम्मींना शाळेत बोलावून सगळे सांगितले, कारण आईच्या पाठीमागे असे करणे आम्हाला योग्य वाटले नाही. त्या थोड्या रागावल्या, मग हसल्या. "मी पण डायजेस्टमधल्या नॉवेल वाचायचे, गादीखाली ठेवून," म्हणाल्या. मुलींना कोणते पुस्तक द्यावे याला वयाची मर्यादा आहे, आणि या मालिकांतली काही पुस्तके शाळकरी मुलींसाठी नाहीतच. म्हणून आम्ही हे पुस्तक पूर्ण वाचून, अम्मींना विचारून मगच दिले.

सोबत एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहिले. एक, नायिका "नाही" म्हणाली तेव्हा नायकाने ऐकले का? दोन, त्याचे पैसे काढून घेतले तर उरलेला माणूस तुला आवडेल का? तीन, शेवटच्या पानावर नायिकेचे स्वतःचे काय आहे?

चार दिवसांनी ती स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "टीचर, तो तिचं ऐकतच नाही. एकदम शेवटी सॉरी म्हणतो. आणि तिने तर नोकरी पण सोडली!" आम्ही विचारले, मग तू काय केले असतेस? थोडा विचार करून म्हणाली, "सॉरी ऐकलं असतं. पण नोकरी नसती सोडली. आणि घरी येऊन अब्बांशी बोल म्हटलं असतं."

मराठवाड्यातल्या भगिनींना हे उत्तर आम्ही पत्राने कळवले आहे. त्या आता माहेरी राहून शिवणकामाचा क्लास चालवतात आणि त्यांची मुलगी सातवीत आहे. ती मोठी होईल तेव्हा हे तीन प्रश्न तिलाही विचारू, असे त्यांनी उत्तरात लिहिले आहे.

पुढच्या वेळी मेहरबद्दल लिहू, इन्शाअल्लाह. तुमच्या निकाहनाम्यात किती मेहर लिहिले होते, ते हातात पडले का, आणि त्याचे तुम्ही काय केले, हे आम्हाला जरूर कळवा. नाव छापले जाणार नाही.